पाच बेचाळीसची फेरी

…आणि शेवटी कळलं, की तारच चुकीची! दोन दिवस माणूस टेबलाखाली पालथा पडून यंत्राच्या पाठीशी झटापट करतोय, वरून कॉम्प्युटर हुकूम सोडतोय, आणि यंत्र आपलं ढिम्म. कारण काय, तर बाजारात दिसायला अगदी जुळ्या अशा दोन तारा मिळतात. एकीत या टोकाचं तोंड त्या टोकाच्या कानाला जोडलेलं असतं. दुसरीत तोंडाला तोंड आणि कानाला कान. ही दुसरी आणली, की दोघंही बोलत बसतात आणि ऐकत कुणीच नाही. "म्हणजे आमच्या घरासारखंच झालं की," असं म्हणत शून्यकाका टेबलाखालून बाहेर आले, गुडघे झटकले, आणि तिसऱ्यांदा दुकानात गेले.

काल आपण इथवर आलो होतो, नाही का? पण काल जे उठून गेले होते त्यांच्यासाठी आधी एवढं सांगायला हवं, की हे शून्यकाका कोण.

प्रयोगशाळेत मोठमोठे शिकलेले लोक असतात, त्यांची नावं दारावर असतात. आणि एक माणूस असतो ज्याचं नाव कुठेच नसतं, पण तो एक दिवस आला नाही तर कुणाला बल्बसुद्धा लावता येत नाही. शून्यकाका तो माणूस. वायरी जोडायच्या, मीटर तपासायचे, जळलेलं बदलायचं. शाळा गावातली, दहावीपर्यंतची, बाकीचं सगळं हातानं शिकलेलं. शून्य हे नाव त्यांच्या फेरीमुळे पडलं. रोज संध्याकाळी वीस मिनिटं कमी सहाला ते टेबलांमधून फेरी मारायचे आणि प्रत्येक पॉवर सप्लायचा नॉब शून्यावर आणून ठेवायचे. पॉवर सप्लाय म्हणजे प्रयोगाला हवी तेवढीच वीज मोजून देणारी पेटी, पुढे आकडे, त्याखाली नॉब. काका त्याला कान म्हणायचे. "कान पिळून ठेवला, आता रात्रभर गप्प बसेल."

ही सवय उगाच नव्हती लागली. नोकरीच्या पहिल्या वर्षी कुणीतरी पेटी चढवून तशीच सोडून गेलं होतं आणि सकाळी फडकं मारताना काका दोन टेबलं पलीकडे जाऊन पडले होते. तेव्हापासून फेरी. लग्नाच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा फेरी. घरी गॅसचा नॉब तीनदा बघायचे. बायको म्हणायची, "मलापण एकदा शून्यावर आणून ठेवा, म्हणजे सुटलात."

आता गंमत बघा. या माणसाकडे काम आलं ते नॉबला हात न लावता पेटी चालवायचं.

प्रयोगशाळेत एक संशोधक ताई होती. तिचं काम असं, की नखाएवढी धातूची पट्टी एका द्रवात बुडवायची आणि तिला वीज द्यायची. वीज द्यायची तीही मुंगीच्या पावलानं वाढवत, दर दहा मिनिटांनी किंचितशी, सलग सहा दिवस. मग पट्टीवर एक पातळ थर चढतो. मध्ये एक मिनिट जरी वीज तुटली तरी थर तडकतो आणि पट्टी टाकून द्यावी लागते. आधी ताई आणि दोन सोबती पाळ्या लावून हे करायचे. पण आता ताईच्या मांडीवर आठ महिन्यांचं बाळ होतं आणि सोबती दुसरीकडे नोकरीला लागले होते. ताईचं म्हणणं, पेटी कॉम्प्युटरला जोडू, मी घरून बघेन.

विभागाचे सर या गोष्टीला तयार नव्हते. "प्रयोग असा घरबसल्या होत नसतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. शेवटी म्हणाले, "एकदा करून दाखवा. जमलं तर ठीक. नाही जमलं, तर पुढच्या महिन्यापासून इथे नऊ ते सहा बसायचं, नाहीतर काम दुसऱ्या कुणाला द्यायचं." चार वर्षांचं काम होतं ते. आणि बाळाला नऊ ते सहा बघणारं घरात कुणी नव्हतं.

तर जोडणीचं काम काकांकडे आलं. तार बरोबर मिळाली, तरी पेटी गप्पच. मग कळलं, दोन्हीकडे बोलण्याचा वेग सारखा लावावा लागतो. तो लावला. तरी गप्प. ताईनं फोनवरून सांगितलं, "काका, हुकूम संपला हे तिला कळायला हवं ना! ओळीच्या शेवटी एंटरची खूण पाठवा." ती पाठवली, आणि काकांनी एका बोटानं टकटक करत पहिला हुकूम टाकला. त्याचा अर्थ एवढाच, की तू कोण?

आणि पडद्यावर पेटीनं आपलं नाव, गाव, नंबर सगळं सांगितलं.

चौदा वर्षं त्या पेटीची धूळ पुसली होती काकांनी. पोटातला पंखा दोनदा बदलला होता. कधी तोंडातून शब्द नाही. आणि आज विचारलं तर घडाघडा उत्तर! काका खुर्चीतून उठले आणि रिकाम्या खोलीत मोठ्यानं म्हणाले, "बोलली की गं!" मग त्यांनी तिला पाच व्होल्ट दे म्हटलं, तिनं दिले. सहा दे, सहा दिले. घरी फोन केला. बायको म्हणाली, "बरं झालं, कुणीतरी तुमचं ऐकतंय."

मग त्यांनी सवयीनं कान पिळला. काहीच झालं नाही. नॉब नुसता गरगर फिरला, आकडा हलेना. पेटीवर एक छोटा दिवा लागला होता, म्हणजे आता ताबा कॉम्प्युटरकडे. शेजारी एक बटण होतं. ते दाबलं, की दिवा विझायचा आणि ताबा परत हातात. एवढं कळल्यावर काकांना हायसं वाटलं, आणि तपासणी चालू होती तेवढे दिवस ते फेरीत आधी अंगठ्यानं बटण दाबून मग कान पिळायला लागले.

पण ताईनं पाठवलेल्या प्रोग्रॅममध्ये एक ओळ अशी होती, की ते बटणसुद्धा बंद व्हावं. मग पुढून कुणी काहीही करो, पेटी दाद देणार नाही. ताईनं मुद्दाम सांगितलं होतं, "काका, ती ओळ तेवढी ठेवा हं. कुणाचा चुकून हात लागला तर संपलंच."

काकांना ती ओळ मनाला लागली. कुणाचा हात? त्या टेबलाकडे त्यांच्याशिवाय फिरकतंय कोण? म्हणजे माझाच. माझ्या हाताला कुलूप, आणि तेही चौदा वर्षांच्या माझ्याच पेटीवर! त्यांनी स्वतःची समजूत घातली, की उद्या धूर निघाला तर? हाताशी काही नको का? भिंतीवर हातभर अंतरावर लाल मेन स्विच होता, तो या विचारात मात्र आला नाही. ओळीच्या सुरुवातीला एक खूण टाकली की कॉम्प्युटर ती ओळ वाचत नाही, हे ते एव्हाना शिकले होते. त्यांनी खूण टाकली. ताईला म्हणाले, "सगळं सांगितलंत तसं लावलंय."

सोमवारी सकाळी प्रयोग सुरू झाला. ताई घरी, बाळ मांडीवर, पडद्यावर आकडे. दर दहा मिनिटांनी पेटी आपणहून एक पायरी चढायची. काका येणाऱ्या-जाणाऱ्याला बोलावून दाखवायचे. "बघा, हात नाही लावला. बघा बघा, चढली!" सर एकदा डोकावून "हं" म्हणाले. सरांचं हं म्हणजे दुसऱ्याची टाळी.

सोमवारी, मंगळवारी, बुधवारी फेरीच्या वेळी काका त्या टेबलापाशी थांबले, हात मुद्दाम पाठीमागे बांधले, आणि पुढे गेले. गुरुवारी फेरीला निघाले आणि मेव्हण्याचा फोन आला. त्याच्या घरची पाण्याची टाकी गळत होती. मेव्हणा म्हणजे असा, की टाकीची गोष्ट टाकी बांधली त्या दिवसापासून सांगणार. फोन खांदा आणि कानाच्या मध्ये दाबून काका "हं… हं… सिमेंट कुठलं वापरलंस?" करत टेबलांमधून गेले, आणि हात आपले तीस वर्षांचं काम करत राहिले. दिवे मालवले, दार ओढलं, घरी गेले.

शुक्रवारी साडेआठला ते आले, नेहमीसारखे सगळ्यांच्या आधी. ताईची पेटी शून्यावर. आधी तर त्यांना बरंच वाटलं, शून्य बघून बरं वाटायची सवय ना! मग आठवलं, हे आज शून्यावर असायला नको.

कॉम्प्युटरवर मिनिटामिनिटाची नोंद होती. पाच एक्केचाळीसपर्यंत सगळं नीट. पाच बेचाळीसला शून्य. त्याखाली शून्य, शून्य, शून्य, पानभर. प्रोग्रॅम वाढव म्हणतोय, पेटी ऐकत नाही. साडेसहाला, बाळ झोपल्यावर, ताईनं घरून पाहिलेलं दिसत होतं आणि प्रोग्रॅम थांबवलेला. काकांनी खिशातून फोन काढला. मेव्हण्याचा फोन पाच अडतीसला आला होता आणि तेरा मिनिटं चालला होता.

आठवलं काहीच नाही हो! सिमेंट आठवत होतं, टाकी आठवत होती, पण बटण दाबल्याचं आठवेना. मात्र अंगठ्याकडे पाहिलं आणि खात्री पटली. द्रवातली पट्टी त्यांनी चिमट्यानं वर काढली. थर कडक उन्हात सुकलेल्या चिखलासारखा तडकला होता.

आता इथे माणूस काय करतो? चांगला माणूसच, बरं का. इतक्या वर्षांत दुसऱ्याच्या ड्रॉवरमधला स्क्रूसुद्धा न विचारता न घेतलेला. त्यानं खुर्ची ओढली, प्रोग्रॅम उघडला, आणि त्या ओळीपुढची खूण पुसून टाकली. आता ओळ जशी हवी होती तशी दिसत होती. मग काका उठून पाणी प्यायला गेले. प्यालं जाईना.

साडेनऊला ताई आली, बाळाला शेजारणीकडे ठेवून. तिनं पट्टी पाहिली आणि बाजूला ठेवली. प्रोग्रॅम उघडून वरपासून खाली वाचला. सर आले, हातातला कागद वाचत, उभ्यानंच म्हणाले, "कुणी हात लावला होता का?"

"नाही सर," ताई म्हणाली. "पॅनल लॉक होतं, ओळ आहे इथे. हातानं होणंच शक्य नाही. आणि काका त्या टेबलाजवळ कुणाला उभं तरी राहू देतात का? माझ्याच प्रोग्रॅममध्ये कुठेतरी चूक आहे."

काका दोन पावलांवर उभे होते. हातात फडकं होतं. तेच ते, चौदा वर्षं पेटी पुसायचं. त्यांनी ते आधी उजव्या हातात धरलं, मग डाव्या, मग खिशात कोंबलं.

"सोमवारी अकराला बोलू," सर म्हणाले. "तोवर चूक सापडली तर सापडली."

चूक सापडणार कशी? चूक प्रोग्रॅममध्ये नव्हतीच, ती फडकं खिशात घालून उभी होती. ताई शुक्रवारचा सगळा दिवस बसली. शनिवारी सुट्टी असताना आली. काकाही आले, म्हणाले, "तुम्ही आहात तर दार उघडं ठेवायला कुणीतरी हवं." खरं तर त्यांना घरी बसवेना आणि इथे उभं राहवेना. दुपारी ताईला शेजारणीचा फोन आला. बाळाचं अंग तापलंय. ताई म्हणाली, "अर्धा तास, आलेच," आणि परत त्याच ओळी वाचायला लागली. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. काकांनी चहा आणून ठेवला. ती वर न बघता म्हणाली, "काका, तुम्ही इतकं नीट जोडून दिलंत आणि मी घाण केली. सरांपुढे तुमचंही नाव गेलं. माफ करा हं."

काका म्हणाले, "चहा गार होतोय."

बघा, म्हणजे बोलायला काय हवं होतं? ओठाशी आलेलं होतं. आणि तोंडातून निघालं काय, तर चहा गार होतोय.

रविवारी दुपारी घरी ते धुतलेला डबा परत धूत होते. बायकोनं चार मिनिटं बघितलं. "त्याचा रंग काढायचाय का?"

काका तिथेच स्टुलावर बसले आणि सगळं सांगितलं, फोन, बटण, ती ओळ, खूण टाकली ती आणि खूण पुसली तीही. पुसल्याचं सांगताना आवाज इतका खाली गेला, की बायकोला नळ बंद करावा लागला.

"माझ्या भावाच्या टाकीपायी?" ती म्हणाली.

"टाकीला काय बोल लावायचा? बटण मी दाबलं."

"बरं. मग हे मला कशाला सांगताय? माझा थर तडकलाय का?"

"सांगितल्यावर हलकं वाटतं म्हणतात."

"वाटलं?"

काकांनी नाही म्हणून मान हलवली.

"चुकीच्या माणसाला सांगितल्यावर कसं वाटेल?" तिनं डबा त्यांच्या हातातून काढून घेतला. "दाबलं ते सवयीनं दाबलंत. ते कुणीही समजून घेईल. पुसलंत ते मात्र समजून-उमजून पुसलंत. जाताना हे दुसरं आधी सांगा. पहिलं आधी सांगितलंत, तर दुसरं गिळून परत याल, मी ओळखते तुम्हाला."

सोमवारी अकराला पाच कमी असताना काका सरांच्या दारापाशी गेले. ताई आतच होती. तिचा आवाज बाहेर येत होता. "चूक सापडली नाही सर, पण चूक माझीच. नऊ ते सहा मला जमणार नाही. काम कुणाला द्यायचं ते तुम्ही ठरवा, मी सगळ्या वह्या नीट लावून देईन."

काका न वाजवताच आत गेले. आयुष्यात पहिल्यांदा. सरांनी चष्म्यावरून पाहिलं.

"सर, प्रोग्रॅममधली ओळ मी पुसली. म्हणजे ओळ नाही, ओळीपुढची खूण पुसली. शुक्रवारी सकाळी. ताई यायच्या आधी."

"कसली खूण?"

मग जे उलटं सुरू केलं होतं ते उलटंच सांगत गेले. खूण का पुसली, तर ती टाकलीही त्यांनीच होती. का टाकली, तर हाताला कुलूप नको होतं. आणि कुलूप नव्हतं म्हणून गुरुवारी पाच बेचाळीसला फेरीत त्यांच्याच हातानं बटण दाबलं आणि पेटी शून्यावर आणली. शेवटी फोन काढून मेव्हण्याच्या फोनची वेळ दाखवली. सरांनी मागितली नव्हती, तरी दाखवली. 

 सर रागावले असते तर काकांना सोपं गेलं असतं. सर म्हणाले, "मी तुमच्या भरवशावर किल्ली ठेवून घरी जातो." एवढंच. काकांचे कान तापले. वयानं सर त्यांच्यापेक्षा आठ वर्षांनी लहान.

"लेखी द्या," सर म्हणाले. "जे आता बोललात ते सगळं. तुमच्या फाइलला लागेल. या कामापासून तुम्ही लांब राहायचं. पेटीला हात लावायचा तो ताईंनी सांगितलं तरच." मग ताईकडे वळले. "प्रोग्रॅम चांगला होता तर. पुन्हा लावा. घरूनच."

काकांनी तिथेच, सरांच्या टेबलाच्या कोपऱ्यावर वाकून लिहून दिलं. गावच्या शाळेतलं अक्षर, गोल गोल, प्रत्येक ओळीवर नीट रेघ. दीड पान झालं. 'माझ्या हातून' असं तीन ठिकाणी आलं. एका ठिकाणी आधी 'चुकून' लिहिलं होतं, ते त्यांनी खोडलं.

बाहेर आले तर ताई व्हरांड्यात उभी होती. काम वाचलं होतं तिचं, पण तोंडावर आनंद नव्हता. डोळे लाल, तीन दिवसांचे. काकांना वाटलं आता ही दोन शिव्या देईल, म्हणजे बरं. ती हळूच म्हणाली, "बटणाचं मी समजू शकते काका. त्या खुणेचंसुद्धा कधीतरी समजेन. पण शनिवारी माझं बाळ तापानं फणफणत होतं आणि मी इथे बसून स्वतःची चूक शोधत होते. तुम्ही समोर होतात. मला चहा आणून दिलात. मी तुमची माफी मागितली, आणि तुम्ही ती ऐकून घेतलीत. तेव्हा का नाही बोललात?"

काकांनी तिच्याकडे पाहिलं नाही. व्हरांड्याच्या फरशीकडे बघत ते म्हणाले, "शुक्रवारी केल्याची लाज वाटत होती, म्हणून गप्प बसलो. शनिवारी गप्प बसल्याची लाज वाटायला लागली, ती पहिलीपेक्षा मोठी निघाली. तुम्ही माफी मागितलीत तेव्हा तर वाटलं, आता सांगितलं तर ही पोर मला माणूस म्हणणार नाही. ताई, मी तुमचं नुकसान लपवत नव्हतो, मी स्वतःला लपवत होतो. आणि त्याची किंमत तुमच्या तापलेल्या बाळानं मोजली. याला माफ करा म्हणायचं तोंड नाही मला, म्हणून म्हणत नाही."